नागपुरात इलेक्ट्रिक सिटी बस टिकतील, की ग्रीन बससारख्या गायब होतील? आणि त्या खरंच 'शून्य प्रदूषण' आहेत का?

आधी टिकण्याचं सांगतो, कारण त्यातलं मला जास्त कळतं. सिटी बसच्या शेडमध्ये मी अकरा वर्षं पाने फिरवले आहेत. ठेकेदाराचं नाव घेत नाही.

ग्रीन बस इंजिनामुळे बंद पडली, हा समज डोक्यातून काढा. ऑगस्ट २०१४ मध्ये ही ग्रीन बस, म्हणजे स्कॅनिया कंपनीची इथेनॉलवरची बस, नागपुरात आली, तेव्हा आम्ही शेडवाले मुद्दाम बघायला गेलो होतो. इथेनॉल डिझेलसारखं नुसत्या दाबाने सहज पेटत नाही. म्हणून इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवलेलं आणि ९५ टक्के इथेनॉलसोबत पेट घ्यायला मदत करणारं रसायन. लिटरमागे ताकद डिझेलच्या साठ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे टाकी लवकर रिकामी होणार, एवढीच काय ती गैरसोय. स्वीडनमध्ये अशा गाड्या कितीतरी वर्षं आधीपासून धावत होत्या. इथे २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्या थांबल्या त्या पैशांच्या वादात.

आमच्या डिझेल गाड्यांचं दुखणंही तेच. तिकिटाचे पैसे एकीकडे जमा होतात, ठेकेदाराला किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो. बिल अडकलं की तो आधी पार्टची ऑर्डर थांबवतो, मग टायरची, शेवटी आमचा पगार. शेडच्या कोपऱ्यात एक गाडी कायम उभी असायची, तिला आम्ही 'दुकान' म्हणायचो. सेल्फ पाहिजे? दुकानातून काढ. अल्टरनेटर, आरसा, सीटचा नट, सगळं तिथलंच. सहा महिन्यांत तिचा सांगाडा उरायचा आणि ब्रेकडाऊन होऊन आलेली पुढची गाडी दुकान व्हायची. मग मे महिन्यात सिग्नलवर रेडिएटर उकळलेली बस दिसली की लोक म्हणायचे, जुनी झाली. अहो, जुनी कसली, तिला दोन वर्षांत रेडिएटरचा नवा होज (रबरी पाइप) मिळाला नव्हता.

इलेक्ट्रिक गाडीत क्लच प्लेट नाही, इंजिन ऑइल नाही, आणि ब्रेक लावताना मोटरच वीज परत बॅटरीत ढकलते, म्हणून लायनरही जास्त टिकतात. मेकॅनिक म्हणून मला हे आवडतं. पण इथे 'दुकान' चालत नाही. बॅटरी किंवा मोटर चालवणारा कंट्रोलर बिघडला की कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत गाडी उभीच.

आणि वीज. एसी लावलेली १२ मीटरची बस किलोमीटरला साधारण सव्वा युनिट खाते असं धरा. दिवसाला २०० किलोमीटर म्हणजे २५० युनिट. वीस गाड्या रात्रीच्या सहा तासांत भरायच्या तर ८०० किलोवॉटच्या वर भार जातो. डेपोत हाय टेन्शन लाइन आणि ट्रान्सफॉर्मर आधी आला पाहिजे, गाड्या नंतर. आपल्याकडे फीत आधी कापतात. त्यात ४५ अंशांच्या उन्हात प्रवाशांसोबत बॅटरीलाही थंड ठेवावं लागतं, म्हणून उन्हाळ्यात पल्ला घटतो. मे महिन्यात दुपारी एकदा चार्जिंगला लावावीच लागेल, आणि वेळापत्रक तसंच बनवायला हवं.

मग मला आशा का वाटते? सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ई-बससाठी पेमेंट सिक्युरिटीची योजना मंजूर केली, ३,४३५ कोटींची. महापालिकेने बिल थकवलं तर ठेकेदाराला त्या निधीतून पैसे मिळतात आणि नंतर ते वसूल केले जातात. ग्रीन बसच्या वेळी असं काही नव्हतं. पीएम ई-बस सेवा या केंद्राच्या योजनेत तर बारा मीटरच्या गाडीला किलोमीटरमागे २४ रुपये केंद्र देतं, दहा वर्षं. माझं उत्तर मागाल तर: बसची बॅटरी बघू नका, ठेकेदाराचं बिल दर महिन्याला निघतं का ते बघा. निघालं तर टिकतील.

आता 'शून्य प्रदूषण'. धुराचं नळकांडं नाही, एवढं खरं. वीज कुठून येते हे विचारायला नागपूरकराला लांब जावं लागत नाही, कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्राची चिमणी दिसतेच. देशाच्या सरासरी विजेत युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर वरच्या हिशेबाने किलोमीटरला पाऊण-एक किलो होतो. लिटरला अडीच किलोमीटर देणारी एसी डिझेल बस एक किलोच्या थोडं वर जाते. म्हणजे फरक आहे, पण 'शून्य प्रदूषण' म्हणण्याइतका नाही. सौर वीज वाढेल तसा तो वाढेल.

मात्र सीताबर्डीला सायंकाळी मोरभवन बसस्थानकासमोर उभ्या असलेल्या माणसासाठी हिशेब वेगळा आहे. त्याच्या तोंडावर धूर येत नाही, आणि शेजारचा काय म्हणतो तेही ऐकू येतं. कोराडी, सुरादेवीच्या लोकांना विचाराल तर ते मात्र माझ्याशी भांडतील, आणि त्यांचं चुकत नाही.