टेम्प्लेटचं नाव तेच, आतला यूयूआयडी वेगळा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. डीसीत (डेटा सेंटरमध्ये) व्हीएमवेअरवर साठेक व्हीएम (व्हर्च्युअल मशीन), बाकीचं एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये, दोन्हीकडे टेराफॉर्म (कोडमध्ये लिहिल्याप्रमाणे मशीनं उभी करणारं साधन). एका व्हीएमची मेमरी १६ ची ३२ जीबी करायला एक ओळ बदललीत, पाइपलाइन (कोडमधला बदल आपोआप लागू करणारी साखळी) हिरवी झाली, आणि डीसीतल्या अकरा व्हीएम कोऱ्या होऊन परत उभ्या राहिल्या. खाली बहुतेकांनी स्टेट फाइल (टेराफॉर्मची मशीनांची नोंदवही) बिघडली असं निदान केलंय. मला ते पटत नाही. हेच दुखणं आम्हीही काढलंय, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचा कोड मी पाहिलेला नाही, तेव्हा आधी पडताळा आणि मगच हात लावा.

त्या रनमधल्या प्लॅनचा (काय काय बदलणार त्या यादीचा) लॉग उघडा. शेवटची ओळ '११ टु अ‍ॅड, ० टु चेंज, ११ टु डिस्ट्रॉय' अशी असेल. मेमरीचा तुमचा बदल 'चेंज'मध्ये मोजलासुद्धा गेला नसेल, कारण ती व्हीएमही त्याच अकरांत गेली. आता वर सरका आणि 'फोर्सेस रिप्लेसमेंट' (म्हणजे पाडून नव्याने बनवावंच लागेल) हे शब्द कोणत्या ओळीपुढे आहेत ते बघा. क्लोन ब्लॉक म्हणजे व्हीएम कोणत्या टेम्प्लेटवरून (तयार साच्यावरून) बनवायची ते सांगणारा कोडचा भाग. त्यातल्या टेम्प्लेट यूयूआयडीपुढे (साच्याच्या ओळख क्रमांकापुढे) ते असतील तर रोग सापडला.

होतं काय, की कोडमध्ये आपण टेम्प्लेट नावाने शोधतो आणि डेटा सोर्स (आधीच असलेल्या गोष्टीची माहिती शोधणारा कोडचा भाग) त्या नावावरून यूयूआयडी आणून देतो. दर महिन्याला कुणीतरी पॅच मारून नवीन टेम्प्लेट बनवतं, जुनं काढून टाकतं आणि नवीन त्याच नावाने ठेवतं. नाव तेच, यूयूआयडी नवा. व्हीस्फिअर प्रोव्हायडरचा (टेराफॉर्मला व्हीएमवेअरशी जोडणाऱ्या भागाचा) नियम स्पष्ट आहे: व्हीएम तयार झाल्यावर क्लोन ब्लॉकमधलं काहीही बदललं तर ती व्हीएम नव्याने बनवायची. टेराफॉर्म आधी पाडतं, मग बांधतं, आणि एका वेळी दहा कामं चालवतं. प्लॅन वाचायला माणूस नसेल तर पहिल्या काही मिनिटांतच दहा व्हीएम गेलेल्या असतात. क्लाउडकडेही याचं जुळं भावंड आहे: एएमआयच्या (एडब्ल्यूएसकडच्या टेम्प्लेटच्या) डेटा सोर्समध्ये 'मोस्ट रीसेंट' ट्रू, म्हणजे चालू, ठेवणं. नवीन एएमआय आली की टेराफॉर्म इन्स्टन्स (तिथली व्हीएम) पाडून नव्याने बनवायला निघतं. तिकडे अजून काही झालं नसेल तर आजच बघा.

अप्लाय (प्लॅन प्रत्यक्ष लागू करणं) चालू असताना हे लक्षात आलं तर कंट्रोल-सी एकदाच दाबा. हातातली कामं संपवून ते थांबतं. घाबरून दुसऱ्यांदा दाबलंत तर स्टेट लिहायच्या आधीच तुटू शकतं, आणि मग खरोखरच स्टेट फाइलचं दुखणं मागे लागतं.

आता जरा मनातलं. आमच्याकडे टेम्प्लेट बनवणारा कक्ष वेगळा होता. टेम्प्लेटच्या नावात तारीख घाला आणि मागची दोन टेम्प्लेटं काढू नका, एवढंच मागणं होतं. उत्तर आलं की नाव बदललं तर ऑडिटच्या कागदात बदल करावा लागेल, फॉर्म भरा. फॉर्म भरला, तो परत आला, कारण 'व्यावसायिक गरज' या रकान्यात नेमकं काय लिहायचं ते कुणी सांगितलं नाही. त्या कक्षातल्या माणसांना दोष देत नाही, त्यांना टेराफॉर्मचा कोड कधी कुणी दाखवलाच नव्हता. पण ऑटोमेशन आलं की एकाच्या टेबलावरचं साधं नाव दुसऱ्याच्या पाइपलाइनमध्ये बटण होऊन बसतं, आणि हे दोन्ही बाजूंना लेखी कळवणारा कुणीच नसतो. पूर्वी टेम्प्लेट बदललं तर फक्त पुढची व्हीएम वेगळी यायची. आता जुन्या व्हीएमसुद्धा त्याच्यावर टांगलेल्या असतात.

उपाय. माझ्या मते सगळ्यात मोलाचा उपाय कोडमध्ये नाही, व्हीसेंटरच्या (व्हीएमवेअर सांभाळायच्या नियंत्रण-सर्व्हरच्या) परवानग्यांत आहे. पाइपलाइनच्या खात्याच्या रोलमधून 'व्हर्च्युअल मशीन'खालचं, 'एडिट इन्व्हेंटरी'तलं 'रिमूव्ह' काढून टाका. मग चुकीचा प्लॅन सुटला तरी व्हीएम बंद पडेल (प्रोव्हायडर पाडण्याआधी ती बंद करतो), अप्लाय एररने थांबेल, पण डिस्क शाबूत राहतील. यात एक त्रास आहे: क्लोन अर्धवट फसला तर ती अर्धी व्हीएम हाताने काढावी लागते. तो त्रास मी आनंदाने सोसेन. खरंच पाडायचं असेल तेव्हा वेगळं खातं वापरा, दोन माणसांच्या मंजुरीने. क्लाउडकडे ईसीटूच्या (एडब्ल्यूएसच्या व्हीएम सेवेच्या) टर्मिनेट कृतीला त्या रोलसाठी थेट 'डिनाय' लावा. ऑटो स्केलिंगवाल्या (गरजेप्रमाणे मशीनं आपोआप कमी-जास्त होणाऱ्या) खात्यात हे विचार करून लावा.

दुसरं, ऑटो-अप्रूव्ह (माणसाला न विचारता अप्लाय) बंद. प्लॅन फाइलमध्ये काढा, ती जेसनमध्ये दाखवून प्रत्येक बदलाची 'अ‍ॅक्शन्स' यादी तपासा आणि त्यात कुठेही 'डिलीट' आढळलं तर पाइपलाइन लाल करा. रिप्लेसमेंटमध्येही 'डिलीट' असतंच, त्यामुळे एवढी एकच तपासणी पुरते. अप्लाय त्याच फाइलवर चालवा. मधल्या वेळात स्टेट बदललं असेल तर प्लॅन शिळा झाला म्हणून टेराफॉर्म स्वतःच नकार देतं, आणि ते योग्यच आहे.

मग लाइफसायकल ब्लॉकमधल्या 'इग्नोर चेंजेस'मध्ये (ज्यातल्या बदलांकडे टेराफॉर्म दुर्लक्ष करतं त्या यादीत) क्लोनचा टेम्प्लेट यूयूआयडी टाका, एडब्ल्यूएसकडे एएमआय टाका. याचा अर्थ नीट समजून घ्या: जुन्या व्हीएमना नवीन टेम्प्लेटमधले पॅच कधीच मिळणार नाहीत, ते काम अ‍ॅन्सिबलवर (चालू मशीनांवर बदल करणाऱ्या साधनावर) येईल. एखादी व्हीएम मुद्दाम नव्याने बनवायची असेल तर प्लॅनला 'रिप्लेस' पर्याय देऊन तिचं नाव सांगा. अ‍ॅप सर्व्हरवर डेटा नसेल तर ते बदलले तरी चालतात, डेटाबेसला मात्र 'इग्नोर चेंजेस'चा नियम सरसकट लावा.

काहींनी 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' (पाडायला मनाई) सुचवलंय. लावा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. कुणी तो रिसोर्स ब्लॉकच (त्या व्हीएमचं वर्णन करणारा भागच) कोडमधून उडवला तर त्यातलं संरक्षणही त्याच्याबरोबर उडतं. डेटाच्या डिस्क मात्र वेगळ्या रिसोर्समध्ये काढा आणि व्हीएमला 'अटॅच' करून जोडा, म्हणजे व्हीएम गेली तरी डिस्क मागे राहते. ते जमत नसेल तर निदान डिस्क ब्लॉकमध्ये 'कीप ऑन रिमूव्ह' ट्रू करा. ते मुळात फॉल्स, म्हणजे बंद, असतं.

बॅकअपमधून व्हीएम परत आणल्या असतील तर लगेच अप्लाय मारू नका. स्टेटमध्ये आता त्या कोऱ्या व्हीएमची नोंद आहे. आधी कोऱ्या व्हीएम स्टेटमधून काढा (फक्त नोंद जाते, मशीन राहतं), मग परत आणलेल्या इन्व्हेंटरीतल्या पूर्ण मार्गाने इम्पोर्ट करा (स्टेटमध्ये नोंदवा), आणि प्लॅन शून्य बदल दाखवेपर्यंत कोड जुळवत राहा. हे करण्याआधी स्टेटची एक प्रत बाजूला ठेवा. त्यात पासवर्ड उघडे असतात, तेव्हा ती मेलवर फिरवू नका. कोऱ्या व्हीएम नंतर व्हीसेंटरमधून हाताने पुसा.

अ‍ॅन्सिबलवर पॅचिंग टाकणार असाल तर एक खोड लक्षात ठेवा. डायनॅमिक इन्व्हेंटरी (मशीनांची आपोआप बनणारी यादी) टॅगवरून गट बनवते. नव्या व्हीएमवर टॅग लावायचा राहिला तर गट रिकामा येतो, 'नो होस्ट्स मॅच्ड' म्हणून प्लेबुक (अ‍ॅन्सिबलची कामांची यादी) पुढे सरकतं आणि एक्झिट कोड शून्य, म्हणजे 'यशस्वी', देतं. पाइपलाइन हिरवी, पॅच एकही नाही. सुरुवातीलाच गटातली मशीनं मोजून अपेक्षित आकड्याशी जुळवणारी एक पायरी टाका. 'सीरियल' (एका वेळी किती मशीनं) आधी १ ठेवा, मग २० टक्के.

रात्री एकदा नुसता प्लॅन चालवा, 'डिटेल्ड एक्झिटकोड'सह. एक्झिट कोड २ आला म्हणजे कोड आणि वास्तव यांत फरक पडलाय, सकाळी माणसाने बघावं. फरक आपोआप दुरुस्त करणारं साधन तुम्हाला कुणीतरी विकायला येईलच. दोन कक्षांच्या हातात डीसी असताना निदान पहिले सहा महिने ते चालू करू नये, हे माझं ठाम मत. रात्री अडीचला फायरवॉलवाल्याने तातडीने केलेला बदल ते इमानेइतबारे पुसून टाकेल. या रनचे लॉगही सांभाळा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, आणि पाइपलाइनचं साधन बऱ्याचदा त्याआधीच पुसतं.

टेराफॉर्म की ओपनटोफू (टेराफॉर्ममधूनच फुटलेलं ओपन सोर्स साधन) असंही विचारलंय. या दुखण्यापुरता काहीच फरक नाही, प्रोव्हायडर दोन्हीकडे तोच.

आज एवढंच करा: अप्लायची पायरी बंद करा, उरलेल्या पन्नासेक व्हीएमसाठी नुसता प्लॅन काढा आणि किती ओळींपुढे 'फोर्सेस रिप्लेसमेंट' आहे ते मोजून इथे टाका. आकडा शून्य नसेल तर टेम्प्लेट बनवणाऱ्यांना फोन करून विचारा की पुढचं टेम्प्लेट कधी येतंय.