दर बुधवारी, साडेतीन ते पाच

प्रिय बाय,

शाळेच्या सेवा गटाचं काम यंदा तुझ्याकडे आलं, याचा मला मनापासून आनंद आहे. तू पाठवलेली वर्षाची यादी वाचली. वृद्धाश्रमाला भेट, किनारा स्वच्छता, नाताळात धान्यवाटप, रक्तदान शिबिराला मदत, झाडं लावणं. कामं सगळी चांगली आहेत, पण प्रत्येकाला एकेक दिवस दिलास तर वर्षाअखेरीस हाती पाच फोटो राहतील. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं असं की एक काम मुख्य धर. एकच वृद्धाश्रम, आठच मुलं, दर बुधवारी साडेतीन ते पाच. बाकीची कामं सवडीप्रमाणे.

आपल्या गोव्यात ख्रिस्ती सिस्टरांनी चालवलेला आश्रम असो की प्रोव्हेदोरियाचा, म्हणजे सरकारी साहाय्य संस्थेचा, डिसेंबरात तिथे पाहुण्यांची रीघ लागते. कॅरोल गाणारे गट एकामागून एक येतात, केक येतात, दोदोल नि नेवऱ्या येतात. नाताळ सरला की आवार ओस पडतं. एकदाच आलेल्या मुलाला आजी फार तर गाव नि इयत्ता विचारते. तेच मूल पाचव्यांदा आलं की गुडघा कधीपासून दुखतो, मुलगा लंडनहून कधी फोन करतो, चष्म्याची काडी केव्हा तुटली, हे ती आपणहून सांगू लागते. खरं काम तिथून सुरू होतं.

आधी आश्रमाच्या सुपीरियर सिस्टरांना किंवा अधीक्षकांना भेट, आणि जाताना गटाबरोबर येणाऱ्या टीचरना सोबत ने. 'आम्ही काय करू?' असं मोघम विचारलंस तर 'या, गाणी म्हणा' असंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा विचार की बुधवारी दुपारी माणसं कमी कुठे पडतात, कोणाकडे कोणीच येत नाही, कोणाला वाचून दाखवलेलं आवडेल, कोणाला अनोळखी माणसांचा त्रास होतो. मग एका पानाचं पत्र दे. त्यात मुलांची संख्या नि इयत्ता, वार, वेळ, सोबत येणाऱ्या शिक्षकांचं नाव नि फोन, आणि कोणत्या तारखांना आम्ही येणार नाही, हे सगळं लिही. गणेशचवथीची सुट्टी, सहामाही परीक्षा, नाताळची सुट्टी या तारखा आधीच कळल्या तर आश्रमातलं कोणी दाराकडे डोळे लावून बसत नाही.

साडेतीनची वेळ मी उगाच सुचवलेली नाही. आपली शाळा दीडच्या सुमारास सुटते, पण तेव्हा आश्रमात जेवणं आटोपून वामकुक्षी चालू असते. बालरथ, म्हणजे शाळेची बसही तेव्हा लहान मुलांना घरी सोडायला गेलेला असतो. म्हणून डबा शाळेतच खा, मधल्या वेळात त्या दिवशीची तयारी करा आणि चहाच्या थोडं आधी पोहोचा. बसचं आठवडाभर आधी मुख्याध्यापकांकडून लेखी ठरवून घे. ऐन वेळी बस नाही म्हणून भेट रद्द होते, आणि असं दोनदा झालं की गट मोडतो.

आठ मुलांच्या चार जोड्या कर, आणि प्रत्येक जोडीला वर्षभर तेच दोन-तीन आजीआजोबा दे. एकट्याने कोणी कोणाच्या खोलीत जायचं नाही, दार उघडं ठेवायचं, शिक्षक त्याच मजल्यावर हवेत. हा नियम मुलांच्या आणि वृद्धांच्या, दोघांच्याही सुरक्षेसाठी आहे, त्यात सूट देऊ नकोस. पालकांची लेखी संमती आधी घे. ज्याला सर्दी, ताप, खोकला किंवा डोळे आलेले असतील त्याने त्या बुधवारी घरी राहायचं, कितीही यावंसं वाटलं तरी. आपल्याला दोन दिवस नाक गळवणारी सर्दी ऐंशीच्या माणसाला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकते. आत शिरताना साबणाने हात धुवा, निघताना पुन्हा धुवा.

वाचून दाखवणं हे तुमच्या हातचं सर्वात मोलाचं काम. १९६१ पूर्वी, पोर्तुगीज राजवटीत शिकलेल्यांपैकी काहींना पोर्तुगीज येतं, हिंदू आजीआजोबांपैकी बरेच जण मराठी शाळेत गेलेले असतात, आणि कित्येक ख्रिस्ती आजींची वाचायची सवय रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीची. मराठी वर्तमानपत्र तुम्ही सहज वाचाल. अनेकांना निधनवार्ता आधी ऐकायच्या असतात. त्या वाचायच्या, 'हे नको' म्हणायचं नाही. रोमी कोंकणी मराठी वाचणाऱ्या मुलाला पहिल्यांदा अवघड वाटते, पण थोड्या खुणा कळल्या की जमते. एक्स आला की 'श' वाच. टी एकटा असेल तर 'त', दोन टी शेजारी आले की बहुधा 'ट'. तसंच दोन डी म्हणजे 'ड', दोन एल म्हणजे 'ळ', दोन एन म्हणजे 'ण', आणि शब्दाच्या शेवटी एम असेल तर नाकातला अनुस्वार. १९३३ पासून निघणारं 'वावराड्यांचो इश्ट' हे साप्ताहिक घेऊन दोन दुपारी सराव करा. उच्चार चुकला तर आजी सुधारतील, आणि ते त्यांना आवडेलही.

ऐकू कमी येणाऱ्याशी ओरडून बोलू नका. समोर बसा, तोंड दिसू द्या, सावकाश बोला. कानाचं यंत्र 'बिघडलंय' म्हणून कपाटात पडलेलं असतं, तेव्हा पुष्कळदा नुसता सेल संपलेला असतो. सेलचे आकार रंगाने ओळखतात: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. जुन्या सेलचा नंबर सिस्टरांकडून लिहून आणा, अंदाजाने घेऊ नका. हे सेल हवेवर चालतात. वरची चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मग सेल यंत्रात घालायचा. पट्टी एकदा काढली की सेल वापरा न वापरा, उतरू लागतो. म्हणून 'तयारी' म्हणून सगळ्या पट्ट्या आधी काढून ठेवल्या तर पाकीट फुकट जातं. सेल घालताना सिस्टर किंवा परिचारिका जवळ हव्यात.

चाकांच्या खुर्चीवर बसवताना दोन्ही ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचला, मग माणूस बसेल. पट्टीवर उभं राहून बसायला गेलं की खुर्ची पुढे कलंडते. उतारावरून नेताना खुर्चीची पाठ उताराकडे करून, स्वतः मागे मागे चालत उतरा. पलंगावरून कोणालाही उचलायचं नाही, भरवायचंही नाही, अगदी त्यांनी विनवलं तरी. घास श्वासनलिकेत गेला तर काय करायचं ते तुम्हाला माहीत नसतं, परिचारिकेला माहीत असतं. पैसे घेऊ नका, देऊ नका. 'माझ्या मुलाला फोन लावून दे' असं कोणी म्हणालं तर हळुवारपणे 'सिस्टरांना सांगते' म्हणा आणि खरोखर सांगा. फोटो मात्र नकोच. शाळेच्या वार्षिकासाठी एखादा हवाच असेल तर तुमच्या गटाचा फाटकापाशी काढा.

आता वस्तूंविषयी. गोड खाऊ बंद. कित्येकांना मधुमेह असतो आणि कुस्वादाची, म्हणजे नाताळच्या फराळाची ताटं डिसेंबरात आपोआप येतातच. सर्वात जास्त लागतात ते मोठ्यांचे डायपर, आणि ते आणायला मुलं लाजतात. हिशेब करून बघ. एका माणसाला दिवसाला तीन-चार लागतात. डायपर लागणारे आठ जण असतील तर दिवसाला सुमारे अठ्ठावीस. दहाच्या पाकिटाची वीस पाकिटं शाळेने मोठ्या कौतुकाने जमवली तरी आठवडाभरच पुरतात. म्हणून एकदम ढीग नेण्यापेक्षा दर महिन्याला ठरलेली पाकिटं द्या, आणि माप विचारून घ्या. हिंडत्याफिरत्या माणसाला पँटसारखा, अंथरुणावरच्याला टेपचा. लहान माप आणलं तर ते कपाटात पडून राहतं.

धान्य गोळा करायचंच असेल तर 'घरून मूठमूठ तांदूळ आणा' असं कधीच सांगू नकोस. उकडे नि सुरय (न उकडलेले) एका पोत्यात मिसळले की ते तांदूळ एकत्र शिजत नाहीत. सुरय गळून जातो तेव्हा उकडा अजून कच्चाच असतो, आणि स्वयंपाकघरातल्या बाईला ते निवडत बसायला वेळ नसतो. प्रत्येक वर्गाला एकच वस्तू नेमून दे. नववीने उकडे तांदूळ, दहावीने तूरडाळ, अकरावीने खोबरेल नि अंगाचा साबण. पाकिटावरची तारीख बघूनच घ्या.

किनारा स्वच्छतेविषयी थोडक्यात सांगते. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर हे काम होतं, तोच दिवस धर. भरती-ओहोटीची वेळ बघून ओहोटीला जा. जाड हातमोजे घाला, काच वेगळ्या बादलीत टाका. कचरा कोण नि कधी उचलणार ते पंचायतीशी आधी ठरवा. ओला, सुका, काच, जाळी असं वेगळं न करता भरलेली पोती रस्त्याकडेला पडून राहतात, कुत्री ती फाडतात, नि चार दिवसांनी तोच कचरा पुन्हा वाळूत येतो. वाळूवर पसरलेल्या वेली उपटू नका, त्या वाळू धरून ठेवतात. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवांच्या हंगामात वनखात्याला विचारल्याशिवाय जाऊच नका.

तासांचंही तू विचारलं होतंस. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास धरतात, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं विशेष शिबिर. बुधवारचा दीड तास, तीस बुधवार झाले तर पंचेचाळीस तास होतात. उरलेले तयारी, शाळेतली कामं, किनारा यातून भरतील. बसमधला वेळ मोजायचा नाही. वहीत तारीख, येण्याजाण्याची वेळ, शिक्षकांची सही, आणि खाली तीन ओळी: आज काय दिसलं, कोणी काय मागितलं, पुढच्या बुधवारी काय न्यायचं. तिसरी ओळ कोरी राहू देऊ नकोस.

तुमच्या घरी गणपती येतो आणि शाळा ख्रिस्ती, म्हणून आश्रमात तेर्स (रोझरीची प्रार्थना) सुरू झाला की काय करायचं, हा तुझा प्रश्न प्रामाणिक आहे. शांत बसायचं, बोलणं थांबवायचं. म्हणायची सक्ती तुझ्यावर नाही. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत संमतीशिवाय कोणाला उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, हे संविधानाच्या कलम २८ मध्येच आहे. पण शाळा हे काम का करवते ते समजून घे. आजाऱ्याला भेटणं, भुकेल्याला जेवू घालणं ही बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातली, पंचविसाव्या अध्यायातली शिकवण आहे. बाणावलीला १६५१ मध्ये जन्मलेले फादर जुझे वाझ, ज्यांना २०१५ मध्ये संतपद मिळालं, त्यांनी १६९७ च्या देवीच्या साथीत श्रीलंकेतल्या कँडीला घरच्यांनी टाकून दिलेल्या रोग्यांची सेवा केली. त्यातले बहुतेक ख्रिस्ती नव्हते. तू त्या आश्रमात जातेस ते याच परंपरेतलं काम आहे, आणि त्यासाठी तुला तुझं काही सोडावं लागत नाही.

एक अवघड गोष्ट राहिली. वर्षभरात एखादे आजोबा जातील. अधीक्षकांना आत्ताच सांगून ठेव की असं झालं तर बुधवारच्या आधी शाळेत कळवा. रिकामी खाट बघून मुलाला कळता कामा नये. त्या जोडीशी गटाच्या टीचर आधी बोलतील. त्या दिवशी त्यांना यायचं नसेल तर नको, पण पुढच्या बुधवारी त्यांना दुसऱ्या आजोबांकडे एकटं सोडू नकोस, तूही बरोबर बस.

परीक्षेपूर्वीच्या शेवटच्या दोन भेटींना दहावीतल्या चार मुलांना घेऊन जा आणि आजीआजोबांशी नावाने ओळख करून दे. वहीही त्यांच्याकडेच द्यायची आहे, तेव्हा अक्षर वाचता येईल असं काढ. अधीक्षकांना द्यायच्या पत्राचा मसुदा शुक्रवारपर्यंत लिहून आण, मी बघून देते. तारखांचा रकाना मोठा ठेव.

तुझी,
टीचर