आधी हॉस्टेल, मग आत्याचं घर

प्रिय ताई,
मी २५ वर्षांची आहे. मैत्रिणीबरोबर दीड महिना पाठीवर बॅग टाकून फिरायला निघते आहे. बँकॉक, मग कंबोडियात सिएम रीप आणि कंपोट, पुढे पेनांग, चार दिवस कुआलालंपूर आणि शेवटी नऊ दिवस सिंगापूर. परतीचं विमान तिथूनच आहे. सिंगापूरला माझी सख्खी आत्या असते. तिनं नऊच्या नऊ दिवसांचा कार्यक्रम आखलाय: युनिव्हर्सल स्टुडिओ, प्राणिसंग्रहालय, सेंटोसा, ओळखीच्यांकडे दोन जेवणं. त्यासाठी रजाही टाकली आहे. व्हिसाच्या कागदांवर सहीसुद्धा तिचीच. आम्हाला आपलं आपण भटकायचं होतं. पण सिंगापूर महाग, म्हणून तिथल्या हॉस्टेलचे पैसे आम्ही धरलेलेच नाहीत, हेही खरं. बाबा म्हणतात, सिएम रीपजवळच्या अंगकोरच्या देवळांचे दोन दिवस कमी कर आणि आत्याकडे जास्त राहा. आई म्हणते, काही बोलू नकोस, तिचं मन दुखेल. मैत्रीण गप्प आहे. काय करू?
– लाडकी भाची

प्रिय भाचीबाई,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य हॉस्टेलच्या पैशांचं आहे आणि गाठही तिथेच बसली आहे. रात्री नऊही आत्याच्या घरी आणि दिवस नऊही तुझे, हे जमायचं नाही. आत्या भाडं मागणार नाही, पण तू वेळेवर परतली नाहीस तर जेवायची खोळंबून बसेल. घरात राहायचं म्हटलं की घराचं घड्याळ पाळावं लागतं. तुला ते नऊ दिवस पाळायचं नाहीये, तर काही रात्रींचे पैसे मोज. लिटल इंडिया किंवा चायनाटाउनमध्ये डॉर्ममधल्या खाटा मिळतात. बाकीचा खर्च तिथे हातात ठेवता येतो: हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, जेवायचं, बोटॅनिक गार्डन्सला तिकीट नाही, आणि ‘गार्डन्स बाय द बे’मधल्या त्या उंच लोखंडी झाडांखालचा रात्रीचा दिव्यांचा खेळही फुकट असतो. तिकीट लागतं ते काचेच्या घुमटांना.

आत्याचा कार्यक्रम तुला जाच वाटतोय. जरा तिच्या बाजूनं बघ. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला जायचं तर व्हिसा लागतो. अर्जावर स्थानिक संपर्क म्हणून सही करणारी व्यक्ती तिथली नागरिक किंवा कायमची रहिवासी असावी लागते. ती सही आत्यानं केली आहे. परक्या देशात भावाची मुलगी आपल्या सहीवर येते आहे, तिला काही झालं तर पहिला फोन आपल्यालाच येणार, हे डोक्यात असलेल्या बाईनं सकाळी नऊ ते रात्री नऊचा तक्ता केला तर मला नवल वाटत नाही.

आणि आई? तिचं ‘काही बोलू नकोस’ मला फार ओळखीचं वाटलं. तुझी आत्या म्हणजे तिची नणंद. तू काही बोललीस तर ‘वहिनीनं हेच शिकवलं का’ हे तिला ऐकावं लागेल, ही खरी धास्ती. म्हणून निरोप आईबाबांमार्फत अजिबात जाऊ देऊ नकोस. स्वतः फोन कर. मेसेजवर नको.

आता दिवसांचं. पहिल्या चार रात्री हॉस्टेल, पुढच्या पाच आत्याकडे, आणि त्या पाचांत शनिवार-रविवार हवेतच. क्रम उलटा करू नकोस. आत्याच्या घरून उठून त्याच शहरातल्या हॉस्टेलवर गेलीस तर ते रुसून जाणंच दिसेल, तू कितीही हसत गेलीस तरी. हॉस्टेलवरून घरी आलीस की पुढे विमानतळच. शिवाय दीड महिना बॅग वाहून झाल्यावर वॉशिंग मशीन आणि वरणभात यांची किंमत तुला कळलेली असेल. आधीचे चार दिवस लपवून मग ‘आजच पोचलो’ असं सांगायचं कुणी सुचवेल, तर ऐकू नकोस. एका फोटोनं सगळं बाहेर येतं.

फोनवर पाल्हाळ नको. ‘आत्या, आम्ही अमुक तारखेला पोचतोय. चार रात्री हॉस्टेलवर आहोत, पत्ता पाठवते. मग विमानापर्यंत तुझ्याकडे. रजा त्या दिवसांत घे ना.’ ती ‘परक्यासारखं कशाला?’ म्हणेल. दोनदा म्हणेल. तू तारखा तेवढ्या पुन्हा सांग. कारणं देत बसलीस की प्रत्येक कारणावर तिच्याकडे तोडगा तयार असेल.

युनिव्हर्सल स्टुडिओला मुकाट्यानं जा. तो दिवस तिनं हौसेनं ठेवलाय. पण एक दिवस तूही माग. दर पाहुण्याबरोबर तीच ती ठिकाणं बघून ती स्वतः किती कंटाळली असेल, हे तिला कुणी विचारलेलं नसतं. तिला म्हण, तू भाजी कुठे घेतेस तिथे ने, सकाळची कॉफी कुठे पितेस तिथे बस. किंवा पुलाऊ उबिन बेटावर चला म्हण. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून छोटी बोट निघते, बारा माणसं जमली की सुटते. बेटावर भाड्यानं सायकली मिळतात, खारफुटीत चेक जावा नावाची पाणथळ जागा आहे. तुझं भटकणंही होईल आणि आत्या बरोबरही असेल.

बाबांचं अंगकोरबद्दलचं ऐकू नकोस. एका दिवसाचा पास ३७ अमेरिकी डॉलर, तीन दिवसांचा ६२, आणि ते तीन दिवस दहा दिवसांत कधीही वापरता येतात. सलग उन्हात फिरायची सक्ती नाही. आत्यासाठी एखादा दिवस वाढवायचाच असेल तर कुआलालंपूरचा काढ. चार दिवस तिथे करणार काय? बाटू केव्हज या गुहेतल्या देवळाच्या २७२ पायऱ्या चढूनही अर्धा दिवस उरतो. (पेनांगवर मात्र हात टाकू नकोस, जॉर्जटाउनच्या गल्ल्यांना वेळ लागतो.) आत्यासाठी भेट कंपोटहून घे, तिथली मिरी नावाजलेली आहे आणि बॅगेत ओझंही होत नाही.

राहिली मैत्रीण. पत्रभर तिच्या वाट्याला दोनच शब्द आलेत: ‘गप्प आहे’. तुला ते आत्याचं घर, तिला मात्र कुणा अनोळखी बाईंचं. तुझ्या नातेवाइकांकडच्या दोन जेवणांना तिनं काय म्हणून बसायचं? पाचही रात्री तिकडे राहायचंय, दोनच राहायचंय, की हॉस्टेलवर राहून नुसतं शनिवारी जेवायला यायचंय, हे तिला आज विचार. तिचं उत्तर मिळाल्याशिवाय आत्याला फोन लावू नकोस.

– ताई