एनएमएमएस: परीक्षेइतकंच आधार आणि बँकेकडे लक्ष द्या

ताई, तुमची मुलगी आठवीत आहे, गोव्यात सत्तरी तालुक्यात अनुदानित हायस्कुलात शिकते, सातवीला 68 टक्के, घरचं उत्पन्न वर्षाला दोनेक लाख, तर तिला एनएमएमएसला (नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप, बेताच्या उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठी आठवीत घेतात ती केंद्र सरकारची स्कॉलरशिप परीक्षा) बसवू का असं विचारलंय तुम्ही. बसवाच. माझ्या थोरल्या मुलीला मिळालीय ही स्कॉलरशिप, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अटींत ती नीट बसते. सातवीला 55 टक्के लागतात (एससी-एसटीला 50), आईबाबांचं मिळून उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे, आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित हवी. पैसे महिन्याला 1000, म्हणजे वर्षाला 12,000, नववी ते बारावी चार वर्षं.

परीक्षेचे दोन पेपर, प्रत्येकी 90 प्रश्न आणि 90 मिनिटं. एक सॅट, म्हणजे शाळेच्या विषयांचा, आणि दुसरा मॅट, म्हणजे बुद्धिमत्तेचा. सॅटमध्ये विज्ञान, समाजशास्त्र, गणित, ते शाळेत होतंच. मुलं अडकतात ती मॅटला, आकृत्या, अंकमालिका, कोडिंग असलं काय काय असतं ना, ते वर्गात कुणी शिकवत नाही. आमची रोज संध्याकाळी घड्याळ लावून 20 मिनिटांत 20 प्रश्न सोडवायची, दुसरं काही केलं नाही. दोन्ही पेपर मिळून 40 टक्के पडले की पास, पण निवड मेरिटवर होते आणि गोव्याचा कोटा लहान, तेव्हा 40 वर समाधान मानू नका.

आता खरं सांगायचं ते हे, की पास झालं म्हणजे पैसे आले असं नाही. नववीत गेल्यावर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म भरावा लागतो, आधी शाळा व्हेरिफाय करते, मग वरचं ऑफिस, आणि तारीख गेली की गेली. आमच्या मुलीचं आडनाव गावकर, शाळेत स्पेलिंग जी-ए-ओ-एन आणि आधारवर जी-ए-यू-एन. तुम्हाला माहीतच आहे आपल्या गोव्यात एकाच घरात दोन स्पेलिंगं असतात, भावाचं वेगळं, बहिणीचं वेगळं. त्या एका अक्षरासाठी फॉर्म परत आला, चवथीच्या (गणपतीच्या) गडबडीत मी आधार सेंटरवर दोन फेऱ्या मारल्या. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून आधी जन्मदाखला आणि शाळेचं रजिस्टर जुळतं का बघा, मगच आधारला हात लावा.

दुसरा घोळ बँकेचा. आम्हाला काउंटरवर सांगितलं आधार लिंक आहे, पण ते नुसतं केवायसी होतं, म्हणजे ओळखीसाठी आधार घेतलेलं, सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे जमा व्हायला खातं आधारला जोडणं, ते केलंच नव्हतं, आणि पैसे जातात ते सीडिंग असलेल्या खात्यात. त्यात आमचे कितीतरी महिने गेले, मुलगी रोज विचारायची आई आले का, मला फार वाईट वाटायचं. माय आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ म्हणून आहे, मुलीचा आधार नंबर आणि ओटीपी टाकून तुम्हीच बघा, बँकेच्या तोंडी उत्तरावर राहू नका. ओटीपीसाठी तिच्या आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला पाहिजे, तोही बघून घ्या.

उत्पन्नाचा दाखला मामलेदार कचेरीतून, तो शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

आणि हो, दरवर्षी रिन्यूअल करावं लागतं, ते आपोआप होत नाही. नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात गेली पाहिजे, दहावीला किमान 60 टक्के पाहिजेत (एससी-एसटीला 55), आणि अकरावी-बारावीही सरकारी किंवा अनुदानित ठिकाणीच. दहावीनंतर पॉलिटेक्निकला घालायचा विचार असेल तर डिप्लोमाला ही स्कॉलरशिप चालत नाही, हे आत्ताच माहीत असू दे.

आधी तिचं आधार, जन्मदाखला आणि शाळेतलं नाव शेजारी शेजारी ठेवून बघा. फरक निघाला तर नेमका काय फरक आहे ते इथं लिहा, आम्ही कुठला कागद दाखवून दुरुस्त केलं ते सांगते.