ठाण्यात प्राण्यांच्या डॉक्टरांसोबत काही दिवस राहून काम बघायचं आहे, काय तयारी ठेवू?

सुरुवातीला हात लावायला मिळणार नाही, नुसतं बघायचं. सकाळ बहुतेक लसी, जंतांची औषधं, कान-नखं यांतच जाते. पण डॉक्टर पालकांना काय विचारतात ते नीट ऐका: खाणं कधी सुटलं, उलटीत काय होतं, पाणी किती पितो. जनावर बोलत नाही, त्यामुळे बरंचसं निदान या प्रश्नांतूनच उलगडतं. मला तर खरं शिक्षण तेच वाटतं.

पावसाळ्यात आलात तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंमुळे होणाऱ्या आजाराची) भीती असते. तो आजारी जनावराच्या लघवीतून पसरतो आणि माणसालाही होतो, म्हणून ग्लोव्हजशिवाय पिंजरा पुसू नका. रेबीजची प्रतिबंधक लस मात्र जाण्याआधीच घ्या, यात चालढकल नको. कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०२ म्हणजे ताप नव्हे.

कधी दयामरणही बघावं लागेल. तेव्हा मोबाईल खिशात ठेवा, गप्प उभे राहा. रडू आलं तर बाहेर जाऊन या, कोणी काही म्हणत नाही.

शहरी क्लिनिकमध्ये गाई-म्हशी क्वचितच दिसतात. पशुवैद्यकाच्या पदवीच्या साडेपाच वर्षांत त्याही शिकाव्या लागतात, तेव्हा एखाद्या तबेल्यातल्या भेटीला नेता का, असं डॉक्टरांना जरूर विचारा.