घरात गाणी ऐकायला सगळे सूर एकटाच वाजवणारा फुल-रेंज स्पीकर बरा, की क्रॉसओव्हरवाला (आवाज खालच्या आणि वरच्या पट्टीत वाटून दोन स्पीकरांना देणारा) टू-वे?

टू-वे. दहा बाय बाराच्या खोलीत खालच्या सुरांना साडेसहा इंची वूफर आणि वरच्या सुरांना एक इंची डोम ट्वीटर पुष्कळ झाले. थ्री-वेच्या नादाला लागू नका, त्यात आणखी एक सांधा (एका स्पीकरचा आवाज संपून दुसऱ्याचा सुरू होतो ती जागा) वाढतो आणि आवाज बिघडतो तो सांध्यावरच. फुल-रेंजला सांधा नाही हे खरं, पण स्पीकरचा मोठा कोन (थरथरणारा पडदा) वरच्या पट्टीतला आवाज फक्त नाकासमोर फेकतो. जरा बाजूला सरकून बसलात की टाळांची किणकिण गेली.

पण मला बोलायचंय ते क्रॉसओव्हरबद्दल. त्यावरून शहापुरातल्या आमच्या घरात चार वर्षं वाद चाललाय.

पेटी मी स्वतः केली, १८ एमएम प्लायची. सांधा ३ किलोहर्ट्झला, क्रॉसओव्हर १२ डीबीचा लिंकविट्झ-रायली प्रकारचा (डीबीचा आकडा म्हणजे सांध्यापलीकडे आवाज किती झपाट्यानं कापला जातो ते), दोन्हीकडे ३.३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ०.८५ मिलीहेन्रीची कॉइल. ट्वीटर मुद्दाम उलटा जोडला, प्लसला मायनस. पंचमीला ताई आणि दाजी आले. दाजींचा मंडप-साउंडचा धंदा. मागची फळी काढून बघितली आणि म्हणाले, "अरे, ट्वीटरचं कनेक्शन उलटं मारलंयस की रे!" मी चहा आणायला आत गेलो तेवढ्यात त्यांनी ते सरळ करून टाकलं.

रात्री कुमार गंधर्व लावले. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला माणूस, त्यांचा आवाज मला पाठ आहे. तानपुरा वाजतोय, पण जवारी (तारांची झणझण) नाही. तोंडासमोर उपरणं धरून गावं तसे शब्द. दोन दिवस मी कॉइली तपासत बसलो. तिसऱ्या दिवशी ट्वीटरच्या पट्टीवर ताजा डाख दिसला, लाल वायर लाल खुणेवर.

१२ डीबीच्या क्रॉसओव्हरमध्ये सांध्याच्या जागी दोन्ही ड्रायव्हरांत (म्हणजे वूफर आणि ट्वीटरमध्ये) १८० अंशांचा फरक पडतो. एक बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, आणि नेमके तिथलेच सूर मरतात. म्हणून एक उलटा जोडायचा. दाजींचा 'प्लसला प्लस' हा नियम दोन सारख्या पेट्या एकत्र लावताना शंभर टक्के बरोबर आहे. पेटीच्या आत तो नियम क्रॉसओव्हर ठरवतो. २४ डीबीचा लिंकविट्झ-रायली असता तर मीही सरळच जोडला असता.

एक राहिलं. वरचे आकडे ८ ओहम धरून आहेत, आणि खऱ्या वूफरचा इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) सूर चढेल तसा वर चढत जातो. दोन्ही ड्रायव्हर किती खोल बसलेत त्यानंही हिशेब हलतो. त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलू नका. ट्वीटर दोन्ही प्रकारे जोडून, रोजच्या जागी बसून, ओळखीचा गळा ऐका. ज्यात गळा भरीव लागतो ते कनेक्शन ठेवा.

मी तर आता पेटीच्या मागे ट्वीटर उलटसुलट करायचा स्विचच बसवलाय. दिवाळीला दाजी आले की त्यांना डोळे मिटून बसवणार आणि स्विच ताईच्या हातात देणार.