'कुड'मधला उपरा 'एल'
प्रश्न असा: सोसायटीच्या नोटिशीत 'वॉटर सप्लाय विल बी क्लोज्ड टुमॉरो' लिहावं की 'वुड बी'? 'वुड' जास्त सभ्य वाटतं म्हणे.

'विल' लिहा. उद्या पाणी बंद, हे ठरलंय ना? मग संपलं. हल्ली कार्यक्रमपत्रिकांतही 'द प्रोग्रॅम वुड स्टार्ट ॲट सिक्स' दिसतं. सुरू झाला असता, पण काय, पाहुणेच आले नाहीत?

'वुड'चा सभ्यपणा विनंतीत: 'वुड यू वेट?' आपणही समोर उभे राहून 'साहेब, जरा काम होतं' म्हणतोच. काम आत्ताचं, क्रियापद भूतकाळात, तेवढीच अदब. नोटिशीला कसली भीड?

खरी गंमत 'कुड'मध्ये आहे. 'वुड'चा 'एल' 'विल'कडून आला, 'शुड'चा 'शॅल'कडून, रीतसर वारसाहक्काने. पण 'कॅन'मध्ये 'एल' आहेच कुठे? जुन्या इंग्रजीत त्याच्या भूतकाळी रूपात तो नव्हताच. पुढे या दोघांचं बघून लोकांनी तो घुसडला. आणि हा 'कॅन' मुळात 'जाणणे'! संस्कृत 'ज्ञा', आपलं 'जाणणे', इंग्रजी 'नो', सगळे एकाच कुळातले. त्याच कुळातला 'अनकूथ' म्हणजे आज गावंढळ. मूळ अर्थ, ज्याला कुणी ओळखत नाही तो. जर्मन माणूस आजही 'इख कान डॉइच' म्हणतो, म्हणजे 'मला जर्मन येतं'. म्हणून माझं ठाम मत आहे की 'आय कॅन स्विम'चा अर्थ 'मी पोहू शकतो' असा शिकवूच नये. 'मला पोहता येतं' असा शिकवावा. आपल्या 'येणे'त जाणणं आणि जमणं दोन्ही आहे. 'शकणे'त नुसतं जमणं. कोशकारांना हे पटत नाही. न पटो.

जाता जाता, 'आय'-'वी'ला 'शॅल' आणि बाकीच्यांना 'विल' हा गाइडांतला तक्ता. तो जॉन वॉलिसने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. अनंतासाठी आडव्या आठाचं चिन्ह आणणारा गणिती तो हाच. नियमही समीकरणासारखा चोख केला. पण इतर पुरुषांत 'शॅल' लावलं की वचन किंवा धमकी होते, हेही त्यानेच सांगितलं होतं. ती बाजू गाइडवाले गाळतात आणि मास्तर मार्क कापतात. 'शॅल'चं मूळच 'देणं असणे'. जर्मन 'शुल्ड' म्हणजे कर्ज. तृतीयपुरुषी 'शॅल'खाली लाल रेघ मारणाऱ्यांनी आपल्या संविधानाचं पहिलं कलम इंग्रजीतून वाचावं: 'इंडिया, दॅट इज भारत, शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स.' मारा रेघ.